लेआउट हा शहरी चोचला नाही

"मॉडेलमध्ये काढा, विंडो मारा, फिट टू पेपर करा आणि प्रिंट द्या. लेआउटच्या भानगडीत पडू नका, ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या ऑफिसांचं काम." कॅडच्या क्लासमध्ये, पदविकेच्या प्रात्यक्षिकात, प्लॅन काढून देणाऱ्या छोट्या गाळ्यांत हा सल्ला इतक्यांदा दिला जातो की त्याची आता रीतच पडली आहे. नंदुरबार जिल्ह्यात त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते: "आपली पोरं आश्रमशाळेतून आलेली. त्यांना रेषा-वर्तुळ जमलं तरी गंगेत घोडं न्हालं."

हे म्हणणारे लोक आळशी नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर सरकवत उमेदवारी केली आहे आणि त्यांचा हात आजच्या पोरांपेक्षा कितीतरी साफ आहे. म्हणूनच त्यांचं मत हसण्यावारी नेता येत नाही. ते खोडूनच काढावं लागतं.

ज्यांनी कॅडचा पडदा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या दोन जागा असतात. मॉडेल स्पेसमध्ये वस्तू तिच्या खऱ्या मापात काढतात. बारा मीटरची भिंत बारा मीटरचीच. दुसरी जागा लेआउटची, म्हणजे ज्या कागदावर नकाशा छापायचा तो कागद: ए-वन, ए-टू, ए-थ्री. या कागदात खिडक्या पाडता येतात, त्यांना व्ह्यूपोर्ट म्हणतात. प्रत्येक खिडकीतून मागचं तेच मॉडेल दिसतं, पण एकीतून १:१००, दुसरीतून १:५००, तिसरीतून थोडं तिरकं वळवून. वाद या खिडक्यांचा आहे. त्या शिकवाव्यात की नाहीत, आणि शिकवायच्या तर सुरुवातीला की शेवटच्या आठवड्यात उरल्या वेळात.

पहिला दावा असा की पडद्यावर फिरणं हे काय शिकवायचं? झूम, पॅन, माउसचं चाक, हे पोरगं आपोआप उचलतं. मोबाइल हातात घेऊन जन्मलेली पिढी आहे.

उचलत नाही. नंदुरबार शहराजवळ मोजणी झाली आणि जीपीएसचे बिंदू यूटीएम पद्धतीत आले, तर हा भाग ४३व्या पट्ट्यात पडतो. पूर्वेचा आकडा ४,२०,००० मीटरच्या आसपास आणि उत्तरेचा २३,६३,००० मीटरच्या आसपास येतो. म्हणजे जो प्लॉट काढायचा तो पडद्याच्या शून्यापासून हजारो किलोमीटर लांब. विद्यार्थी फाईल उघडतो, त्याला काळा पडदा दिसतो आणि तो ओरडतो, "सर, ड्रॉइंग गायब झालं!" मग 'झेड एंटर, ई एंटर' मारायला सांगतात. कोणीतरी चुकून शून्याजवळ एखादी रेघ काढून ठेवलेली असते, त्यामुळे झूम एक्स्टेंट्स मारल्यावर एका कोपऱ्यात ती रेघ, दुसऱ्या कोपऱ्यात प्लॉट, आणि दोन्ही सुईच्या टोकाएवढे. आता काय करायचं? क्लासमध्ये मिळणारा तोडगा ठरलेला: सगळं सिलेक्ट करा, मूव्ह मारा, शून्यावर आणून ठेवा. झालं, ड्रॉइंग सापडलं. आणि मोजणी मेली. आता त्या प्लॉटचा कोपरा जमिनीवर कुठे आहे हे त्या फाईलवरून कुणालाच सांगता येणार नाही. उद्या टोटल स्टेशन लावून आखणी करायला गेलेला माणूस ते आकडे घालेल आणि यंत्र त्याला भलत्याच मुलखात पाठवेल.

हालवायची होती नजर, हालवली जमीन. हा फरक माउसच्या चाकातून उगवत नाही, तो कुणीतरी समोर बसून दाखवावा लागतो. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात अक्षांची एक खूण असते; मॉडेलमध्ये असताना ती दोन बाणांची दिसते आणि कागदावर आलात की त्रिकोणी होते. आपण आत्ता कुठे उभे आहोत हे ती खूण सांगते. पूर्ण अभ्यासक्रम संपवलेल्या मुलांना तिचा अर्थ विचारून पाहावा. बहुतेकांनी ती 'ऑफ' केलेली असते, कारण ती मध्ये येते.

आपण शिकवतो काय, तर बटणांच्या जागा. जुन्या ऑटोकॅडच्या क्लासिक वर्कस्पेसवर ज्यांचे हात बसले होते त्यांची २०१५च्या आवृत्तीत पंचाईत झाली. त्या आवृत्तीपासून ती मांडणी काढून टाकली आणि रिबन तेवढी उरली. "सॉफ्टवेअर बदललं, आता पुन्हा शिकावं लागेल" अशी हाकाटी झाली. बदललं होतं फर्निचर. मॉडेल, कागद आणि खिडकी हे तिन्ही जिथल्या तिथे होतं. पण आपण फर्निचरच शिकवलं असेल तर ते हलल्यावर घर हरवणारच.

दुसरा दावा जास्त हुशारीचा आहे. तो म्हणतो, कागदाची कल्पना ही जुन्या जमान्याची अडगळ आहे. कॉम्प्युटरवर सगळं खऱ्या मापात काढता येतं, मग कागद आणि स्केल पाहिजे कशाला?

इथे थोडा इतिहास बघायला हवा. बोर्डवर काम करणारा आरेखक पहिली रेघ मारण्याआधी स्केल ठरवायचा. शीट केवढी, त्यावर काय काय बसवायचं, प्लॅन कुठे, सेक्शन कुठे, उत्तर दिशा कुठे, हे सगळं आधी. डिसेंबर १९८२मध्ये ऑटोकॅड आलं आणि हा क्रम उलटा झाला. खऱ्या मापात काढायचं, कागदाचं नंतर बघू. ही सोय मोठीच होती, पण 'नंतर बघू'ची सवयही त्याबरोबर लागली. बनवणाऱ्यांच्याच ते ध्यानात आलं असावं, कारण १९९०च्या अकराव्या आवृत्तीत पेपर स्पेस आली आणि ऑटोकॅड २०००मध्ये एकाच फाईलला अनेक लेआउट जोडता येऊ लागले. म्हणजे ज्याला अडगळ म्हणतात ते नंतर विचारपूर्वक घातलेलं आहे. बोर्डवर आधी घेतला जाणारा निर्णय कॉम्प्युटरमध्ये परत आणण्यासाठी. बोर्डवर वाढलेल्या ज्येष्ठांनीच लेआउटला नाकं मुरडावीत याचं म्हणून नवल वाटतं. ते ज्या शिस्तीत घडले, ती या सॉफ्टवेअरमध्ये जर कुठे शिल्लक असेल तर ती लेआउटमध्येच आहे.

लेआउटची बदनामी व्हायला एक साधं, व्यावहारिक कारणही आहे, आणि त्याचा कुणी उच्चार करत नाही. आपल्याकडे इमारतीचे आणि जागेचे नकाशे सर्रास मीटरमध्ये काढतात. लेआउटचा कागद मात्र मिलिमीटरमध्ये असतो. विद्यार्थी खिडकी पाडतो, यादीतून १:१०० निवडतो आणि आख्खी इमारत एका ठिपक्यात जमा होते. साहजिकच आहे. सॉफ्टवेअर समजतं की कागदावरच्या एका मिलिमीटरला मॉडेलमधले शंभर एकक; आणि एकक आहे मीटर. प्रत्यक्षात ते स्केल झालं १:१,००,०००. करायला हवं होतं ते असं: एक मीटर म्हणजे हजार मिलिमीटर, भागिले शंभर, म्हणजे कागदावर दहा मिलिमीटर, म्हणून झूम देऊन '१०एक्सपी'. १:५०० साठी '२एक्सपी'. १:५० साठी '२०एक्सपी'. तिसरीतल्या पोराला येईल असा हा भागाकार आहे. तो फळ्यावर एकदा मांडला नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या "लेआउट बरोबर चालत नाही" असं म्हणत मॉडेलमध्ये परतल्या. त्यावर कडी म्हणजे जमलेल्या खिडकीला कुलूप घालायचं कुणी सांगत नाही. मग खिडकीच्या आत असताना चाक फिरतं, १:१००चं १:११३ होतं, आणि शीटच्या कोपऱ्यात 'स्केल १:१००' छापलेलं तसंच राहतं. गुणधर्मांत 'डिस्प्ले लॉक्ड'पुढे 'येस' करायला तीन सेकंद लागतात.

आता मॉडेलवाद्यांच्या रोजच्या पद्धतीकडे वळू. एकाच शीटवर दोन स्केल हवे असतील तर ते काय करतात? डिटेलची कॉपी काढतात, बाजूला ठेवतात आणि पाचपट मोठी करतात. प्लॅन १:१००, डिटेल १:२०. काम झालं. पण आता संडास-बाथरूमच्या त्या कॉपीतला ०.९० मीटरचा दरवाजा ४.५० मीटरचा झालेला असतो, आणि डायमेन्शन प्रामाणिकपणे ४.५० दाखवतं. मग त्यावर डबल क्लिक करून हाताने ०.९० टाइप करतात. महिन्याभराने मालक सांगतो, दरवाजा ०.७५चा करा. प्लॅनमध्ये बदल होतो. कॉपीत कोणी करत नाही, किंवा रेषा सरकवतात पण हाताने टाइप केलेला आकडा तसाच राहतो, कारण तो आकडा आता मोजमाप उरलेला नाही, नुसती अक्षरं आहेत. एकाच शीटवर एकच दरवाजा दोन मापांचा. गवंडी कुठला धरणार? त्याच्या हाताला जो आधी लागेल तो.

याला कुणी म्हणेल, डायमेन्शनचा गुणक बदलता येतो, तो ०.२ केला की ४.५०चं ०.९० आपोआप येतं. येतं. पण कॉपी ती कॉपीच. एका गोष्टीची दोन चित्रं झाली की त्यांतलं खरं कोणतं हा प्रश्न जन्माला येतो. व्ह्यूपोर्टमध्ये तो उद्भवतच नाही, कारण दरवाजा एकच आहे आणि खिडक्या दोन. तो मॉडेलमध्ये ०.७५चा झाला की दोन्ही खिडक्यांत ०.७५चा दिसतो. अक्षरांचंही तसंच. कागदावर अडीच मिलिमीटरचं अक्षर हवं तर १:१००ला मॉडेलमध्ये ते ०.२५ मीटर उंच लागतं, १:५००ला १.२५ मीटर. मॉडेलवादी दोन लेयरवर दोन संच काढून त्यांतला एक लपवत बसतात. २००८च्या आवृत्तीपासून अ‍ॅनोटेटिव्ह अक्षरं आली, ती खिडकीचं स्केल बघून आपली उंची धरतात. वापरणारे किती?

"पण आमची कामं छोटी आहेत हो." हा तिसरा दावा, आणि मला तो सर्वांत कमी पटणारा. चार खोल्यांचं घर, एक प्लॉट, एक स्केल, ए-थ्रीची शीट: खुशाल मॉडेलमधून छापा, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु नंदुरबारमधली कामं म्हणजे तेवढीच?

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर यांतला बराचसा भाग सपाट किंवा लहानसहान डोंगरांचा. अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगावकडचा भाग सातपुड्याच्या अंगाखांद्यावर. तिकडे गाव म्हणजे चावडीभोवती दाटलेली घरं नव्हेत. गाव म्हणजे पाडे. एका उतारावर पाच-दहा घरं, मध्ये नाला, पलीकडच्या डोंगरसोंडेवर आणखी काही. अशा गावाच्या नळपाणी योजनेचा नकाशा काढायला बसा. सगळे पाडे मिळून तीन किलोमीटरचा विस्तार असेल तर १:५०००ला तो कागदावर साठ सेंटिमीटर होतो. ए-वन शीटवर नीट बसतो. त्याच शीटवर साठवण टाकीचा तपशील १:५०ला पाहिजे आणि व्हॉल्व्ह चेंबरचा १:२०ला. मॉडेलमध्ये हे करायचं तर टाकी शंभरपट मोठी करावी लागेल. तीन मीटर व्यासाची टाकी तीनशे मीटरची होऊन पाड्याशेजारी उभी राहील, आणि व्हॉल्व्ह चेंबर अडीचशेपट फुगून अर्धं शिवार खाईल. खिडक्यांनी मात्र तीन झूममध्ये भागतं: ०.२एक्सपी, २०एक्सपी, ५०एक्सपी. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या टॉवरला सगळे मजले एकाच स्केलमध्ये चालतात. सातपुड्यातल्या पाड्यांना चालत नाहीत. शहरी चोचला म्हणून ज्याची टिंगल होते, त्याची गरज शहरापेक्षा डोंगरालाच जास्त आहे.

रस्त्यांचं बघा. तोरणमाळकडे किंवा धडगावकडे चढणारा घाटरस्ता शीटच्या कडेला समांतर जात नाही, तो हवा तसा वळतो. लांबट शीटवर तो आडवा बसवायचा तर काहीतरी फिरवावं लागणार. मॉडेलवादी रोटेट मारून ड्रॉइंगच फिरवतात. फिरवलं की प्रत्येक मोरीचा, प्रत्येक वळणाच्या बिंदूचा सहनिर्देशक खोटा. लेआउटमध्ये खिडकीपुरती नजर वळवता येते. डीव्ह्यूमधलं ट्विस्ट वापरा किंवा यूसीएस फिरवून प्लॅन मारा. आत जमीन जिथल्या तिथे राहते, आणि उत्तर दाखवणारा बाण मॉडेलमध्ये असेल तर तोही इमानदारीत तिरका होतो. मग पुढची खिडकी पुढच्या किलोमीटरला, वेगळ्या कोनात. अशा कामात मॉडेल स्पेसचे तुकडे पाडून चार खिडक्या दिसतात म्हणून कोणी समाधान मानू नये. त्या कामाच्या सोयीच्या आहेत, आणि प्लॉट करताना त्यांतली चालू असलेली एकच छापली जाते. छापायच्या खिडक्या लेआउटमध्ये पाडाव्या लागतात. हा फरक न कळल्यामुळे "मी चार व्ह्यू केले होते, एकच आला" अशी तक्रार घेऊन फिरणारे मी पाहिले आहेत.

आणि नवापूर. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे रेल्वेस्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. फलाटावरच्या एका बाकड्यावर सीमारेषा ओढलेली आहे, लोक मुद्दाम दोन राज्यांत एकदम बसून फोटो काढतात. फलाटाची लांबी सुमारे ८०० मीटर सांगतात. या स्थानकाचा नकाशा मॉडेलवाद्यांच्या हाती द्या. १:१००ला फलाट आठ मीटर लांबीचा कागद मागेल. १:१०००ला तो ऐंशी सेंटिमीटर होतो आणि ए-वनच्या ८४.१ सेंटिमीटरमध्ये कसाबसा मावतो, पण मग सीमारेषेचं बाकडं तीळभर. एका बाजूचे हद्दीचे आणि मालकीचे तपशील एका शीटवर, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या शीटवर, फलाट दोन्हींवर तोच: हे दोन फाईलींत करायला गेलात तर सहा महिन्यांत दोन राज्यांचे दोन फलाट तयार होतील. व्ह्यूपोर्टमध्ये लेयर त्या खिडकीपुरता गोठवता येतो. फाईल एक, फलाट एक, शीट दोन, आणि बाकड्यासाठी १:२०ची छोटी खिडकी. एवढं सोपं उदाहरण जिल्ह्यातच असताना कॅडची पुस्तकं अजून कुठल्याशा परदेशी बंगल्याचा प्लॅन गिरवायला देतात.

विरोधकांचा चौथा मुद्दा खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. बांधकाम परवानगीची पद्धत ऑनलाइन झाली, डिसेंबर २०२०मध्ये राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली, आणि तपासणी करणारं सॉफ्टवेअर मॉडेलमधली रेषा आणि तिचा लेयर वाचतं. क्षेत्र, सामासिक अंतरं, उंची तिथूनच काढतं. तुमची खिडकी किती सुबक आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून, ते म्हणतात, लेआउट निरर्थक.

पण मंजुरी मिळवणं हा नकाशाच्या आयुष्यातला एक दिवस झाला. बाकीचे दिवस तो सिमेंटच्या गोण्यांवर पसरलेला असतो. तिथे मशीन वाचत नाही, सेंटरिंगवाला वाचतो. नियमावलीही इमारतीचा नकाशा १:१०० आणि लहान जागेचा १:५०० असे स्केल मागतेच, म्हणजे कागद गृहीतच धरलेला आहे. आणि मॉडेल नीट, खऱ्या जागी, खऱ्या मापात, वाकडंतिकडं न करता ठेवायची सवय लेआउटवाल्यालाच असते. ज्याने शेजारी पाचपट फुगवलेल्या कॉपी ठेवल्या आहेत त्याची फाईल तपासणीत अडखळली तर दोष सॉफ्टवेअरचा कसा?

यावर नवं उत्तर तयार आहे: आता कागद कुठे राहिलाय, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, ज्याला बघायचं तो बोटाने मोठं करून बघतो. अवश्य. बोटाने मोठं केलेल्या चित्राला स्केल नसतं, हे तेवढं लक्षात ठेवावं. शिवाय तीच पीडीएफ झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्रीवरून ए-फोरवर येते. कागद लहान होतो त्या प्रमाणात १:१००चं १:१४१ होतं, आणि कोपऱ्यातला 'स्केल १:१००' हसत राहतो. यावर जुना, साधा उपाय आहे, आखलेली मापपट्टी. ती खिडकीशेजारी लेआउटमध्ये ठेवली की झेरॉक्सबरोबर तीही तेवढीच आकसते आणि खरं बोलत राहते. बोर्डवरचे लोक ती न चुकता काढायचे. आता मोबाइलच्या जमान्यात ती जास्त हवी.

सगळं सॉफ्टवेअर लेआउट देत नाही, हे मात्र मान्य. फुकट मिळणाऱ्या लिब्रेकॅडमध्ये कागदावर खिडक्या पाडायची सोय नाही, आणि ऑटोकॅडचा खर्च छोट्या गाळ्याला परवडत नाही. पण विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क शिक्षणासाठी मोफत परवाना देतं, आणि ऑटोकॅडसारखी डीडब्ल्यूजी फाईल उघडणारी इतर स्वस्त सॉफ्टवेअर लेआउट देतात. शिवाय उद्या कोणी रेव्हिटवर गेलं तरी तिथेही शीट आहे आणि शीटवर व्ह्यूपोर्टच आहे. "पुढे सगळं थ्रीडी होणार, खिडक्या कशाला" म्हणणाऱ्यांनी तेवढं एकदा उघडून पाहावं.

उरला तो मुलांबद्दलचा दावा. आश्रमशाळेतली पोरं, इंग्रजी कच्चं, मावची-भिली-पावरी घरात; त्यांना दोन स्पेसचा गुंता कसा झेपणार? हा दावा मला संतापजनक वाटतो, आणि तो दयेच्या सुरात केला जातो म्हणून जास्तच. खिडकी पाडायची आज्ञा 'एमव्ह्यू', हा शब्द पुण्यातल्या पोराच्या मातृभाषेतला आहे काय? तो दोघांनाही सारखाच परका. दोघांनाही सारखाच पाठ करावा लागतो. जे अवघड आहे ते इंग्रजी नाही. एकच जमीन वेगवेगळ्या अंतरावरून कशी दिसते याची कल्पना करणं हे अवघड आहे, आणि ते समजावून सांगणारा माणूस मिळाला नाही तर कुणालाच येत नाही.

या जिल्ह्यातल्या मुलांना तर नकाशा न वाचता येण्याची किंमत घरातूनच माहीत असते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहेतीस गावं, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली. मणिबेलीपासून बुडायला सुरुवात झाली. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत जाणार ही रेषा कागदावर आधी होती, पाणी नंतर आलं. कुणाचं घर आणि किती शेत त्या रेषेखाली, कोण प्रकल्पग्रस्त आणि कोण नाही, याचे वाद वर्षानुवर्षं चालले. तळोदा-शहाद्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या त्याही कागदावरच. पुढे २००६चा वनहक्क कायदा आला. चार हेक्टरपर्यंतचा वैयक्तिक दावा, जीपीएसवर मोजलेली सीमा, आणि पुन्हा नकाशा. दावेदाराच्या हातात जी प्रत येते तिच्यावर स्केल लिहिलेलं असेल आणि ते खोटं असेल, तर बांधावर उभं राहून तो काय पडताळणार? शीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दडलेला हा प्रश्न आहे. आणि तो नकाशा काढणारा उद्याचा आरेखक त्याच पाड्यातला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याला अर्धं काम शिकवून पाठवणं ही दया कशी?

मॉडेलवाद्यांना शेवटी एवढंच सांगायचं की तुमचा वेळेचा हिशेबही चुकला आहे. तुम्ही म्हणता लेआउट शिकवायला वेळ नाही. कॉपी मोठी करणं, आकडे हाताने टाइप करणं, अक्षरांचे दोन संच सांभाळणं, प्रिंट पुन्हा पुन्हा मारून स्केल जुळवणं, यात जो वेळ जातो तो कुठे धरला? तीन दिवसांत मुलगा खिडकी पाडून कुलूप लावायला शिकतो. चौथ्या दिवसापासून तो वेळ परत मिळायला लागतो.

म्हणून जिल्ह्यातल्या आयटीआय, तंत्रनिकेतन आणि क्लासचालकांकडे एक मागणी करतो. प्रात्यक्षिक परीक्षेत बंगल्याचा प्लॅन गिरवायला देणं बंद करा. मीटरमध्ये, यूटीएम सहनिर्देशकांवर असलेली एक मोजणीची फाईल द्या. एकही बिंदू न हलवता ए-टू शीटवर दोन वेगळ्या स्केलच्या, कुलूपबंद खिडक्या आणि एक आखीव मापपट्टी मागा. प्रिंट काढल्यावर परीक्षकाने पट्टी लावून दोन अंतरं मोजावीत. ती जुळली नाहीत तर उत्तीर्णचा शिक्का मारू नका.